दारात बसलेला माणूस

गेल्या दिवाळीत एका लेखकमित्राने लिहिलं की, देवाचं वचन म्हणजे हप्ते भरूनही कधी हाती न पडणारा विमा. पुरावा म्हणून त्यांनी आयुर्विमा महामंडळाचं बोधवाक्य पुढे केलं, गीतेच्या नवव्या अध्यायातलं योगक्षेमाचं आश्वासन. महामंडळ निदान दाव्याचे पैसे तरी देतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते लागलं. वर्षभर मी उत्तर घोळवत होतो: देव वचन पाळतो, पण आपल्या घड्याळाप्रमाणे नाही. हेच उत्तर मी आजारी माणसांच्या उशाशी बसूनही दिलेलं आहे. आज ते मागे घेतो.

मागे घ्यायला लावलं अनंतशास्त्री डोंगरे यांनी. पंडिता रमाबाईंचे हे वडील पुराणं सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडले. दुष्काळात उपास केले, स्नानं केली, जप केले. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात दिलं. शास्त्रात सांगितलेलं काही करायचं ठेवलं नाही. १८७४ मध्ये उपासमारीत शास्त्रीबुवा गेले. पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. ‘धीर धरा, वेळ आली की मिळेल’ असं या घराला कुठल्या तोंडाने सांगायचं? इथे मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. रमाबाईंनीही आपला तेव्हाचा विश्वास कसा ढासळला ते आत्मकथनात लपवलेलं नाही.

पण वचन आणि विमा यांत मित्र गल्लत करतात. विमा कंपनीने फसवलं तर माणूस दुसरी कंपनी गाठतो. जवळच्याने शब्द मोडला तर त्याच्याच दारात जाऊन बसतो. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नाविना गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर ते विठ्ठलाशी जसे भांडले, तसं परक्याशी कुणी भांडत नाही. हिब्रू स्तोत्रांतही तक्रारी ढिगाने आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही. तरी ते कुणी पोथीतून काढलं नाही, आणि त्यातलं सगळं बोलणं देवाशीच आहे.

त्याच भाषेत ‘एमूना’ असा शब्द आहे. विश्वासूपणासाठी तो वापरतात. आपल्याकडच्या चर्चमध्ये म्हटलं जाणारं ‘आमेन’ त्याच धातूचं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मात्र हा शब्द मोशेच्या हातांना लावलेला आहे. लढाई चालू असते, वर धरलेले हात भरून येतात, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते उचलून धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात ‘एमूना’ राहतात, म्हणजे स्थिर. मी वर्षानुवर्षं विश्वास मनात शोधत होतो. इथे तो थकलेल्या मनगटात आहे आणि दुसऱ्यांनी धरला म्हणून टिकला आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं; हे हात त्यांच्या लेखणीखालून गेले असणारच.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. त्यांचं केडगावचं मुक्ती सदन या मुलींनी भरलं. मित्र म्हणतील, हे देवाने नाही, बाईंनी केलं. बाई तसं म्हणाल्या नसत्या, आणि भुकेच्या बाबतीत मी त्यांचा शब्द प्रमाण मानतो. अनंतशास्त्र्यांचं देणं मात्र यातून फिटत नाही. ते कसं फिटेल हे मला कळत नाही. मी दारातून उठणार नाही, एवढंच.

१९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी भाषांतर हातचं सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. केडगावच्या छापखान्यात त्या मजकुराचे खिळे मुक्तीतल्याच बायका जुळवत होत्या.