काशीच्या तरुण शास्त्र्याचा प्रश्न

शास्त्रवाचन : यिर्मया ७:३०-३४, मार्क ९:४३-४८, लूक ४:१६-३०



काशीचे नाव घेतले की मराठी माणसाच्या मनात गंगेच्या घाटांबरोबरच शास्त्र, पाठशाळा आणि वादसभा यांचेही चित्र उभे राहते. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ साली याच नगरीत पूर्ण केली. महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी विद्वान घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अशाच एका चित्पावन घराण्यातील नीलकंठशास्त्री गोरे यांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्मोपदेशकांना एक प्रश्न विचारला होता. पुढे हेच नीलकंठशास्त्री रेव्हरंड नहेम्या गोरे म्हणून आपल्या मंडळीच्या इतिहासात मान पावले. परंतु त्यांचा तो प्रश्न आपण मात्र बाजूस ठेवून दिला. आज तो पुन्हा हाती घ्यावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.

त्या प्रश्नाची पार्श्वभूमी अशी. जॉन म्यूर नावाच्या संस्कृतज्ञ स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात प्रसिद्ध केला. सर्व धर्म आपापल्या शास्त्राला ईश्वरदत्त म्हणतात, तेव्हा खरे शास्त्र कोणते हे परीक्षा करून ठरवावे, असा त्याचा आग्रह होता. आणि त्या परीक्षेत बायबल उतरते, वेद उतरत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. या ग्रंथाला उत्तर देणाऱ्यांत सुबाजी बापू हे एक मराठी पंडित होते, आणि १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून काशीच्या नीलकंठशास्त्र्यांनीही उत्तर दिले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. मनुष्याची बुद्धी दुबळी आहे, म्हणून आधी शास्त्रावर श्रद्धा ठेवावी आणि तर्काने शास्त्राच्या मागून चालावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि ख्रिस्ती मताविषयी त्यांनी जे आक्षेप घेतले, ते मर्मावर बोट ठेवणारे होते. ज्यांनी काही पाप केले नाही त्या मुक्या प्राण्यांना दुःख का? आणि मनुष्याचे आयुष्य मोजक्या वर्षांचे, त्याचे पापही मर्यादित, मग त्याला कधीही न संपणाऱ्या नरकाग्नीची शिक्षा देणारा देव न्यायी व दयाळू कसा म्हणावा?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न कोणा निंदकाने टवाळीसाठी विचारला नव्हता. ज्याचे मन देवाच्या न्यायासाठी तळमळत होते, अशा मनुष्याने तो विचारला होता. या प्रश्नाला त्या काळी जे उत्तर मिळे ते इतकेच असे, की शास्त्रात तसे लिहिले आहे. आजही अनेक सभामंडपांतून हेच उत्तर दिले जाते.

काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करावयास गेलेले नीलकंठशास्त्री दीर्घ विचारांती स्वतःच प्रभूच्या चरणी आले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला आणि सहाही दर्शनांची तर्काच्या आधारे कसून चिकित्सा केली. १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. श्रद्धेच्या मागून चालणारा तर्क आता पुढे आला होता, आणि मिशनरी जगतात या ग्रंथाची मोठी वाहवा झाली.

परंतु त्याच १८६२ साली दुसरीही एक घटना घडली. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो हे झुलू भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत असता, जलप्रलयाच्या कथेपाशी त्यांच्या झुलू सहकाऱ्याने सरळ विचारले, की हे सारे खरोखरच असे घडले काय? बिशप गणिती होते. त्यांनी मोशेच्या ग्रंथांतील संख्या तपासल्या. लढण्याजोगे सहा लक्ष पुरुष, त्यांच्या बायकामुलांसह आणि गुराढोरांसह अरण्यात कसे वावरले असतील, याचा हिशेब मांडला, आणि हे वृत्तांत जसेच्या तसे इतिहास म्हणून घेता येत नाहीत असे लिहिले. १८६३ साली केपटाउनच्या वरिष्ठ बिशपांनी त्यांना पदच्युत केल्याचा निर्णय दिला. पुढे इंग्लंडमधील न्यायपीठाने तो अवैध ठरविला, पण कोलेन्सो यांच्यावरील पाखंडाचा शिक्का पुसला गेला नाही. शेजाऱ्याच्या शास्त्राची चिकित्सा केली म्हणून गौरव आणि आपल्या शास्त्राची केली म्हणून बहिष्कार, अशी ही दोन मापे होती. आपण दुसऱ्याला ज्या मापाने मोजतो त्याच मापाने आपलेही मोजले जाईल, हे प्रभूने डोंगरावर सांगितले आहे. परधर्माची समीक्षा करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने ते आधी ध्यानात घ्यावयास हवे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत; त्यांचा कोणी कर्ता नाही, त्यांचे अक्षर नित्य आहे आणि त्यांत दोष संभवत नाही. आज बायबलच्या अक्षरन्‌अक्षराला निर्दोष म्हणणारे आपले बांधव नकळत बायबललाही अपौरुषेय करून टाकतात. परंतु पवित्र शास्त्र स्वतःविषयी असे कोठे सांगते? लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो, की त्याने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा बारकाईने शोध करून हे लिहिले. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना कुमारिकांच्या बाबतीत आपल्यापाशी प्रभूची आज्ञा नाही, आपण केवळ आपले मत देत आहोत, असे प्रांजळपणे नमूद करतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशू आधी व मनुष्य नंतर निर्माण होतो, तर दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी व पशू नंतर. मंडळीने चार शुभवर्तमाने जपून ठेवली. त्यांतील भेद पुसून एकच सलग वृत्तांत करण्याचे प्रयत्नही झाले, पण मंडळीने आपल्या कराराच्या संग्रहात चारही कायम ठेवली. देवाने आपले सत्य मानवी हातांत, मानवी भाषेत आणि मानवी मर्यादेत सोपविले आहे. शब्द देही झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द म्हणजे ख्रिस्त होय. पवित्र शास्त्र हे त्याच्याविषयीची साक्ष आहे, आणि साक्षीला साक्षीचा मान देणे म्हणजे तिचा अवमान नव्हे.

आता काशीच्या त्या प्रश्नाकडे वळू. मार्काच्या नवव्या अध्यायात प्रभूने अडखळविणारा हात तोडण्याविषयी, पाय तोडण्याविषयी आणि डोळा उपटून टाकण्याविषयी सांगितले आहे. आणि त्याच श्वासात न विझणाऱ्या अग्नीचा उल्लेख केला आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये कोणी हात तोडून घेतलेला मी पाहिला नाही. कट्टरातला कट्टर उपदेशकही येथे म्हणतो, की ही अलंकारिक भाषा आहे, पापाविषयीची निकड दाखविण्यासाठी प्रभू असे बोलला. मग त्याच वाक्याच्या उत्तरार्धातील अग्नी तेवढा अक्षरशः का घ्यावयाचा? अक्षरवादी मनुष्यही अक्षरांत निवड करीतच असतो. दुःख एवढेच, की जे वचन आपल्या हातावर कुऱ्हाड आणते ते त्याला अलंकार वाटते, आणि जे दुसऱ्याला आगीत ढकलते ते त्याला इतिहास वाटते.

शिवाय तेथे नरक असे भाषांतर झालेला मूळ शब्द ‘गेहेन्ना’ हा आहे. हिन्नोमाचे खोरे यरुशलेमेच्या वेशीबाहेर होते. तेथे यहूद्यांनी आपली मुलेमुली अग्नीत होमिली, म्हणून यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला शाप दिला. तेथे परमेश्वर संदेष्ट्याच्या मुखाने काय सांगतो ते नीट वाचा. अशी आज्ञा आपण कधी केली नाही, ती आपल्या मनातही कधी आली नाही, असे तो सांगतो. प्रभूच्या श्रोत्यांना हे खोरे आणि ही कथा ठाऊक होती. मनुष्याची निष्ठुरता त्याला कोणत्या टोकाला नेते याची ती भयंकर खूण होती. ज्या देवाला काही लेकरे एकदा जाळली गेली त्याची एवढी किळस आली, तोच देव आपल्या असंख्य लेकरांना अनंतकाळ जाळीत ठेवील, हा अर्थ त्या वचनातून काढणे म्हणजे मोलखाची कृत्ये स्वर्गातील पित्याच्या माथी मारणे होय. न्याय आहे, पापाचे फळ आहे, देवापासून दुरावण्याची भीषणता आहे. प्रभूच्या इशाऱ्याची धार बोथट करण्याचा अधिकार मला नाही. परंतु इशारा हा ऐकणाऱ्याने आपले आचरण सुधारावे म्हणून असतो.

आपले मूलतत्त्ववादी बांधव याला उत्तर देतात, की एक वीट काढली तर सारी भिंत ढासळेल. त्यांची ही भीती खोटी नाही, आणि त्यांच्या वचनप्रेमापासून आपण पुष्कळ शिकावे. मात्र ज्या स्वरूपात ही शिकवण आज आपल्याकडे येते, ते स्वरूप फार प्राचीन नाही. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात ‘मूलतत्त्वे’ या नावाच्या पुस्तिका निघून सर्वत्र वाटल्या गेल्या, त्यांवरून या चळवळीला नाव पडले. १९७८ साली शिकागो येथे शास्त्राच्या निर्दोषत्वाचे निवेदन तयार झाले. आपली भिंत मात्र त्याहून पुरातन पायावर उभी आहे, आणि तो पाया ख्रिस्त आहे.

म्हणून प्रभूने स्वतः शास्त्र कसे वाचले हेच आपले प्रमाण असावे. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा ग्रंथ उघडला, दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका यांविषयीचे वचन वाचले, आणि प्रभूच्या कृपेच्या वर्षापाशी येऊन ग्रंथ गुंडाळून ठेवला. यशयाच्या मूळ वचनात तेथेच पुढे देवाच्या सूडाचा दिवस येतो. तेवढे प्रभूने वाचले नाही. त्यानंतर त्याने सारफथच्या परदेशी विधवेची आणि अरामी नामानाची आठवण दिली, तेव्हा गावकरी एवढे खवळले की त्याला कड्यावरून लोटावयास निघाले. परक्यांवर येणारा सूड वगळला आणि परक्यांवरची कृपा सांगितली, हाच त्याचा अपराध ठरला. सूटपत्राच्या प्रश्नावरही, मोशेने ती मोकळीक लोकांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे दिली, असे त्याने सांगितले. शास्त्रातील एका वचनाला शास्त्राच्या हृदयाशी ताडून पाहावयास त्यानेच आपल्याला शिकविले.

सत्याला धरून एवढे सांगितले पाहिजे, की फादर गोरे स्वतः या निष्कर्षाला आले नाहीत. ते मंडळीच्या परंपरागत मताचे कडवे पुरस्कर्ते होते, आणि ज्या शिक्षेवर तरुणपणी आक्षेप घेतला तिच्या समर्थनार्थ त्यांनी पुढे लिहिले. तरी संशयांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही, आणि तशा स्थितीतही २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत देह ठेवीपर्यंत त्यांनी प्रभूची सेवा सोडली नाही. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला त्यांच्या लेखनाने आधार दिला. त्याच रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील आपल्या धर्ममातेशी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला, आणि उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात कित्येक वर्षे वेचली. प्रश्न विचारणारा मनुष्य मंडळीबाहेर जातोच असे नाही. कित्येकदा तोच वचनापाशी अधिक काळ बसतो.

प्रिय वाचकहो, हा विषय केवळ पंडितांचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात अशी एखादी आजी किंवा पणजी होऊन गेली, की जिला बाप्तिस्मा ठाऊक नव्हता. जी तुळशीपुढे दिवा लावी, भुकेल्याला भाकर देई आणि परक्याच्या लेकराला पोटाशी धरी. तिचे काय झाले, असे आपला मुलगा विचारतो. अक्षरवादाला याचे एकच उत्तर ठाऊक आहे, आणि ते उत्तर देताना बापाची जीभ अडखळते. ती अडखळते हे बरे आहे. ख्रिस्ताचा आत्मा तेथे आपल्याला थांबवितो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील राजा भुकेल्यांना अन्न देणाऱ्यांना आपल्या उजवीकडे बसवितो, आणि आपण हे त्याच्यासाठी केले हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते. मुलाला हे वचन वाचून दाखवावे आणि सांगावे, की आजी ज्याच्या हाती आहे त्याचे हात खिळ्यांनी विंधलेले आहेत.

आणखी दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. कोणतेही वचन दुसऱ्यावर उगारण्यापूर्वी त्याच्या मागचा-पुढचा संपूर्ण भाग वाचावा आणि ते प्रथम स्वतःला लावून पाहावे. आणि शेजाऱ्याच्या ग्रंथाविषयी बोलताना, आपल्या ग्रंथाविषयी जी सहानुभूती आपण मागतो तीच त्याला द्यावी. एवढे केले तर काशीच्या त्या तरुण शास्त्र्याला, उशिरा का होईना, आपण सन्मानाचे उत्तर दिले असे होईल.

प्रार्थना करू या : हे दयाघन पित्या, तुझे वचन आमच्या हाती दिवा म्हणून राहो, दगड म्हणून नको. ज्यांना आम्ही तुझ्या नावाने भिववले त्यांची आम्हांला आठवण दे, आणि जे तुझा न्याय शोधीत प्रश्न विचारतात त्यांच्यासाठी आमच्या मंडळीचे दार उघडे ठेव. आमच्या पूर्वजांना आम्ही तुझ्या हाती सोपवितो. येशू ख्रिस्त आमच्या प्रभूच्या द्वारे. आमेन.