मुंग्या घराबाहेर निघाल्या

पावसाळ्याच्या तोंडी एका पहाटे अम्मीला ख्वाब पडले. तोंडात पांढरी अंडी धरलेल्या मुंग्यांची रांग चुलीमागून निघून उंबरठा ओलांडत बाहेर चालली होती. शेजारच्या खालांकडे जुना उर्दू ख्वाबनामा होता. त्यांनी वाचून सांगितले की मुंग्या घर सोडताना दिसल्या तर घरातली माणसे कमी होतात. अब्बांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख तेव्हा ठरली होती. अम्मीने हट्ट धरून ती पुढे ढकलायला लावली. कारण मात्र सांगितले नाही. पुढे ते कळले तेव्हा आम्ही शिकलेली भावंडे पोट धरून हसलो. दोन महिन्यांनी एका रात्री अब्बांचे आतडे अडकले आणि तेच ऑपरेशन धावपळीत करावे लागले. अब्बा वाचले. पण चूक कुणाची, हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

ख्वाबनामा म्हटले की आपल्याकडे बसऱ्याच्या इब्ने सीरीन यांचे नाव निघते. ते हिजरी ११० मध्ये वारले. त्यांच्या नावावर खपणारे ग्रंथ मात्र नंतरच्या शतकांत इतरांनी रचले, असे अभ्यासक मानतात. दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसी (१६४१-१७३१) यांनी तर वर्णानुक्रमे कोशच केला. अशा ग्रंथांत टोळ म्हणजे लष्कर, अंथरुणावर मुंग्या म्हणजे पुष्कळ मुलेबाळे, असे अर्थ मिळतात. टोळांचे म्हणणे आम्हाला पटते. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड उतरली तेव्हा शेतकरी ताटे-डबे बडवीत शेतात उभे होते, ते एखाद्या फौजेला तोंड दिल्यासारखेच.

पण खुद्द इब्ने सीरीन यांच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट कोशाच्या अगदी उलट आहे. दोघांना एकच ख्वाब पडले, आपण अजान देतो आहोत असे. एकाला त्यांनी सांगितले, तुला हज घडेल. दुसऱ्याला सांगितले, चोरीत सापडशील. त्यांनी ख्वाबाआधी माणूस वाचला. खालांनी पान वाचले. आम्ही तर तेही केले नाही.

हदीसमध्ये ख्वाबांचे तीन प्रकार येतात : अल्लाहकडून आलेली खुशखबर, सैतानाने घातलेली भीती आणि माणसाच्या स्वतःच्याच मनातले विचार. आजारी नवरा, लग्नाला आलेली मुलगी आणि दारात आलेला पाऊस एवढे ज्या बाईच्या डोक्यात आहे तिच्या मुंग्या तिसऱ्या प्रकारातल्या होत्या, हे समजायला आलिम असण्याची गरज नव्हती. वाईट ख्वाब कुणाला सांगू नये, अल्लाहचा आसरा मागून कूस बदलावी, अशीही शिकवण आहे. आणखी एका हदीसप्रमाणे ख्वाब पक्ष्याच्या पायाला अडकलेले असते; ताबीर सांगितली की ते खाली पडते. म्हणून ते माया करणाऱ्याला किंवा जाणत्यालाच सांगावे. सांगणाऱ्याच्या जिभेवर केवढे ओझे हे!

मिसरच्या बादशहाचे ख्वाब दरबाऱ्यांनी निरर्थक म्हणून झटकले होते. हजरत यूसुफ (अ.) यांनी अर्थ सांगितला तो कामासकट : सात वर्षे पेरा, धान्य कणसातच राखा. आम्हाला वाटते, ताबीर पारखायची ती इथे. ती ऐकून माणूस कामाला लागतो की हातपाय गाळतो?

कुरआनात मुंगीच्या नावाची एक सूरह आहे. फौज येते आहे, बिळात शिरा, असे मुंगी सांगते आणि हजरत सुलैमान (अ.) हसतात. पण ते तिचे बोलणे ऐकून हसले, आणि लगेच त्यांनी अल्लाहचे शुक्र मानले.

त्याच हिवाळ्यात आपाचे लग्न झाले. माणूस कमी झालेच की, असे खाला अजून ऐकवतात. अम्मी मात्र आता आम्हाला ख्वाब सांगत नाही. विचारले तर म्हणते, "तुम्ही हसता."