कौल आणि कारण

नव्याने जोडलेला संगणक अपेक्षेइतक्या वेगाने गेम चालवत नाही, तेव्हा उभा राहणारा प्रश्न वरवर यंत्राचा वाटला, तरी मुळात तो कार्यकारणभावाचा, म्हणजे परिणाम नेमका कशामुळे घडला हे ठरवण्याचा असतो. हे ठरवण्याची शिस्त एका जत्रेच्या रीतीतही दिसते: मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून नव्हे, तर देवीचा कौल, म्हणजे तिचा होकार दर्शवणारी खूण, घेऊन ठरते. होय-नाहीत उत्तर देणाऱ्या कौलाला एका वेळी एकच प्रश्न घालता येतो, आणि हीच शिस्त न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकालाही, म्हणजे एक गोष्ट असताना दुसरी असते व नसताना नसते हे पाहण्याच्या रीतीलाही, लागते. संगणकात पाहायचे तर, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली गेली, तर महागडे कार्ड सहसा रिकामे बसते आणि प्रोसेसरमधील दुबळी ग्राफिक्स यंत्रणाच चित्र काढत राहते. केबल चार बोटे खाली आणताच गेम सुरळीत झाला, तर तो अन्वय. पण त्याच दमात बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून २१३३ च्या वेगाने चालणारी रॅमही ३२०० वर नेली, तर गुण कशाचा हे कळत नाही. शिवाय सोबत असलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते: घटासाठी माती वाहणाऱ्या गाढवाला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, अन्यथासिद्ध, म्हणजे ज्याच्यावाचूनही कार्य घडते असे, ठरवतात. नव्या यंत्राच्या मंदपणाबद्दल किनाऱ्यावरील खाऱ्या हवेला बोल लावणे बहुधा तसेच आहे, कारण गंज चढायला काळ जावा लागतो. व्यतिरेक मात्र सहसा टाळला जातो, आणि ही खरी उणीव आहे: केबल पुन्हा जुन्या जागी लावून मंदपणा परततो का, हे पाहायला हवे.