ज्यांच्यापर्यंत पोहोचले, त्यांचं काय?

लॉर्ड मेयो १८७० साली खामगावला आला तो कापसापायी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. जलंब–खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा रेल्वेफाटा खुला करायला खुद्द व्हाइसरॉय हजर राहिला. पुढच्या पिढीत अमेरिकेतलीच माणसं वऱ्हाडात आली, मराठी शुभवर्तमानं घेऊन. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सनने १८८७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीची ही अलायन्स मिशनची माणसं. अकोला हे त्यांचं मुख्य ठाणं, खामगाव त्यानंतरचं.

सिम्प्सनची श्रद्धा सरळ होती: जगातल्या प्रत्येक लोकसमूहाला सुवार्ता ऐकू गेली की ख्रिस्त परत येईल. ही श्रद्धा माणसाला घर सोडून उन्हाळ्यात वऱ्हाडात राहण्याचं बळ देते, हे नाकारू नये. पण ती घाईही देते, आणि घाईतला माणूस कुणाच्या ओसरीवर निवांत टेकत नाही.

१८९९–१९०० च्या दुष्काळात या मिशनने अकोल्याला मुलांचा आणि खामगावला मुलींचा अनाथाश्रम चालवला. पोरी जगल्या, लिहायला शिकल्या. हे ऋण मोठं आहे, ते कुणी तिरकसपणे मोजू नये. तरीही एक प्रश्न उरतोच: भुकेने आलेल्या आठ वर्षांच्या पोरीने निवडलं काय? मिशनच्या वृत्तांतांत त्या पोरी परदेशातल्या देणगीदारांना दाखवायच्या आकड्यांत येतात. त्यांना स्वतःला काय वाटलं, ते त्या इंग्रजी कागदांत क्वचितच सापडतं.

हा पेच मुळात खामगावचा नाही, तो पहिल्या शतकातला. येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे धाडलं, आणि लवकरच यरुशलेमेत वाद पेटला: परजातीय माणसाने आधी यहुदी व्हायचं का? सुंता करायची का? प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात त्यावर निवाडा आहे: तो बोजा त्यांच्यावर लादू नका. माझ्या मते ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय, कारण त्यात बोलावणाऱ्यांनी स्वतःची रीत सोडली. पुढच्या मिशनऱ्यांनी हा अध्याय वाचला जरूर, पण पेटीऐवजी ऑर्गन आणला आणि मिशन कंपाऊंडला भिंत घातली.

भिंत पाडणारे बहुधा मराठीच निघाले. नारायण वामन टिळकांना बायबल भेटलं ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. मराठी मंडळ्या आजही त्यांची पदं पेटी-तबल्यावर म्हणतात. नाताळात कितीतरी ख्रिस्ती घरांत करंज्या-चकल्या तळल्या जातात आणि ताट शेजारी जातं. हे कुठल्याही मिशन बोर्डाने ठरवलेलं नाही.

आता कडू भाग. जात कंपाऊंडच्या भिंतीने अडली नाही, ती आत आली. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना यावरच बोट ठेवलं होतं: धर्म बदलला तरी जात बदललेली नाही. १९५६ मध्ये ते नागपुरात बौद्ध धम्माकडे वळले, आणि त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या, नागपूरच्याच भवानीशंकर नियोगींच्या समितीचा अहवाल आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तो अहवाल आपलाही. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, अशी त्याची शिफारस. मिशनचे वृत्तांत आणि हा अहवाल शेजारी ठेवले तर एक साम्य खटकतं. दोन्हीकडे बाप्तिस्मा घेणारा माणूस फारसा कर्ता नाही. एकीकडे तो पदरात पडलेला आत्मा, दुसरीकडे भुललेला भोळा. दोन्ही बाजू त्याच्या वतीने ठामपणे बोलतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वेगळं आहे ते यामुळेच. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लगेच मान तुकवली नाही. भांडल्या, सोवळं सांभाळलं, मग एकेक गोष्ट सोडत स्वतःच्या पायांनी पुढे गेल्या. सर्व संस्कृतींपर्यंत पोहोचण्याची हाक काय असते, हे मला धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा या बाईच्या हट्टातून अधिक कळतं.

आणि ही हाक ऐकणाऱ्याला दूरदेशी जायची गरजच नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलली जाते. तिचं कुठल्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे जेमतेम दोनेक हजार. तिथे जो जाईल, पाळकसाहेब असो, कीर्तनकार असो की सरकारी शिक्षक, त्याने आधी काही वर्षं नुसतं ऐकावं. तेवढी सवड नसेल तर जाऊ नये.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांना माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या आजीची आजी त्या आश्रमात वाढली असेल, तर तिच्याबद्दल घरात जे बोललं जातं ते तसंच, वऱ्हाडीत, लिहून काढा. कृतज्ञता असेल तर कृतज्ञता, राग असेल तर राग. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्याला चार पानं द्यावीत.