बाळंतविड्यातली गोधडी

दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड

चि. छकुलीस,


ताईच्या बाळंतविड्यात स्वतः शिवलेली गोधडी घालायचं तू ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पुण्यात सुती कापड किती मीटर घेऊ आणि आत काय भरू, असं तू विचारलं आहेस. छकुले, काही घेऊ नकोस आणि काही भरूही नकोस. कापूस भरायचा तो रजईत, ते पिंजाऱ्याचं काम. गोधडीला नुसते कापडाचे थर लागतात, आणि ते घरातल्या माणसांच्या अंगावरून उतरलेले असावेत. झबली, कुंची, वाळे विकतचे चालतील. गोधडीचं तसं नाही.

जुनंपानं भेट म्हणून कसं द्यायचं, हा संकोच मनातून काढून टाक. नव्या कापडाला खळ असते, तान्ह्या लेकराच्या अंगाला ती सोसत नाही. वर्षानुवर्षं धुऊन विरलेलं सुती कापड मऊ होतं, ओल लगेच टिपतं. म्हणून तर लेकराचं पहिलं झबलंसुद्धा आजोबाच्या धोतराचं, नाहीतर पणजीच्या लुगड्याचं करायची आपल्याकडे रीत आहे. म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य लेकराला लाभतं, अशी त्यामागची समजूत. मला ती फार आवडते, कारण देणाऱ्या माणसाला त्यात मोठा मान आहे.

माझ्या आईच्या काळी नऊवारी लुगडं एकदा घरात आलं की सहजी बाहेर जात नसे. आधी सणावाराला, मग रोजच्याला. बसून-उठून मधे विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं जोडायची, याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडंही टिकेना झालं की ते गोधडीच्या थरात जायचं, आणि त्यातूनही उरेल ते पोतेऱ्याला. १९७२च्या दुष्काळात मी लहान होते. अंगावर घालायलाच धड कापड नव्हतं, तरी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया बरोबर लहानशी गोधडी नेत. बाभळीच्या सावलीत ती अंथरून लेकरू निजवत, आणि सुटी झाली की कामावर मिळालेल्या सुकडीबरोबर लेकरू आणि गोधडी दोन्ही काखोटीला मारून घरी येत.

आता शिवायचं कसं ते सांगते. लेकराची गोधडी दोन हात लांब, दीड हात रुंद पुरे. खालचं अस्तर एकसंध घे, जुनी सुती साडी सगळ्यात चांगली. फरशीवर ताणून पसर, चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेव. वर आतले तुकडे मांड. शिवणी आणि जाड काठ आधी कापून टाक, नाहीतर ते लेकराच्या पाठीला रुततील. एकावर एक गाठ येऊ देऊ नकोस. तीन-चार थर झाले की वरचं कापड घाल आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकत्र धर. मग कडेपासून धावदोरा सुरू कर. चारी बाजूंनी फिरत, बोटभर अंतर ठेवत, आत आत यायचं आणि मधोमध थांबायचं. मधूनच सुरुवात केलीस तर कापडाचा फुगवटा कडेला जाऊन गोधडी वाकडी होते. दोरा सुती आणि दुहेरी घे, त्यावर मेण ओढ. बंगालातल्या बाया काँथा शिवताना जुन्या साडीच्या काठातलाच रंगीत दोरा उसवून काढत. तुला सवड असेल तर तसं करून बघ. थरांच्या मधे हवा अडकते म्हणून ऊब येते, आणि टाके थर सरकू देत नाहीत. नायलॉनच्या साड्यांचा मोह टाळ. त्या सुईखाली घसरतात आणि घाम टिपत नाहीत.

कोपऱ्यांना विसरू नकोस. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्या बायाही जुन्या कपड्यांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवत येतात. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात, आणि फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. तू ताईच्या शाळेतल्या फ्रॉकची फुलं कर. माळ्यावरच्या पेटीत तो अजून आहे.

थंडीत गरिबांना वाटतात ती करडी ब्लँकेटं तू पाहिली असशील. त्यातली पुष्कळशी पानिपतला तयार होतात. परदेशातून गासड्यांनी आलेले टाकाऊ लोकरी कपडे पिंजून त्यांचं सूत काढतात. तेही जुनंच कापड, आणि कितीतरी जणांची थंडी त्यानं भागते. पण तो कोट कुणाच्या अंगावरचा होता, हे विणणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि पांघरणाऱ्यालाही. तुझ्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाचा ते तुला ठाऊक असणार. ही एकच गोष्ट कुठलंही दुकान ताईला देऊ शकत नाही, म्हणून तिच्यावर सगळा भर ठेव. कुठला तुकडा कुणाचा, ते एका कागदावर लिहूनही दे.

गोधडी असते ती वापरायला. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. भांडी, कोयते, लेकरं आणि गोधड्यांचं गाठोडं. उसाच्या फडाजवळच्या कोपीत चार-पाच महिने गोधडी हेच अंथरूण आणि तेच पांघरूण, लेकराची झोळीही तिचीच. आता कितीतरी बाया बाजारातली मऊ ब्लँकेटं नेतात. हलकी असतात, लवकर वाळतात. दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईनं ओल्या गोधडीचं ओझं का उचलावं? तिचं बरोबरच आहे. पण शहरात कुणी गोधडी चौकटीत बसवून भिंतीवर टांगतं, ते मात्र मला पाहवत नाही. ताईला बजाव, जपून ठेवू नकोस. लेकरानं तिच्यावर मुतावं, ओकावं, रांगावं. दर वर्षी नवरात्राच्या आधी दसरा काढताना ती बाकीच्या धुण्याबरोबर धुवावी, कडक उन्हात वाळवावी, आणि उसवेल तिथे पुन्हा टाके घालावेत.

आजोबांचं एक धोतर आणि माझी दोन पातळं मी धुऊन ठेवली आहेत. तुझ्या बाबांचा सुती सदरा त्यांना विचारूनच घे. विचारल्याशिवाय कुणाच्या कपड्याला कात्री लावायची नाही. आणि ताईच्या सासूबाईंकडे जाऊन त्यांचंही एक जुनं पातळ माग. लाजू नकोस. लेकरू त्यांचंही आहे, आणि आपलं पातळ मागायला कुणी आलं तर त्यांना बरंच वाटेल. ताईला सातवा महिना लागायच्या आत सगळी कापडं घेऊन इकडे ये. कच्चे टाके आपण दोघी मिळून घालू, धावदोरा तू एकटीनं घाल.

तुझी,
आजी