एका खंडातला देश

युसूफ वडगावच्या मुक्कामी अमेरिकेच्या इतिहासाचा एक सचित्र ग्रंथ आमच्या हाती आला. अवघे राष्ट्र एकाच खंडात! लिंकनचे चित्र पानभर. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, हे ठळक टाइपात. आम्हांस जोतीराव फुले आठवले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा.

एक गोष्ट मात्र ग्रंथात नव्हती. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम, लेकराबाळांसह, लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकले. त्या पैशातून जॉर्जटाऊन येथील आपल्या कॉलेजचे काही कर्ज फेडले. २०१७ साली येशूसंघाने वंशजांची जाहीर क्षमा मागितली.

संक्षेप हे पाप नव्हे. एका खंडात सारे मावत नाही. पण नेमके हेच का गळावे? पापनिवेदनाला गुडघे टेकल्यावर आम्हीही स्वतःचा इतिहास असाच आटोपशीर सांगतो.

चित्रे पाहायला मुले जमली. एकीने विचारले, “फादर, यांना विकलं कुणी?”

‘व्यापाऱ्यांनी’ म्हणून पान उलटता आले असते. आम्ही १८३८ सांगितले. मुले बराच वेळ आमच्या झग्याकडे पाहत राहिली.