खटला चालायला हवा होता

बेड्यांनी जखडलेला हात उंचावणारे समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस! ते छायाचित्र आणीबाणीची ओळखच होऊन बसले आहे. दिल्लीत तीस हजारी न्यायालयात जो खटला उभा राहिला, त्यातला आरोप मात्र आपण हळूच विसरतो. आरोप डायनामाइटचा होता. 1976च्या मार्चमध्ये बडोद्यात स्फोटके सापडली, 10 जूनला जॉर्ज कलकत्त्यात पकडले गेले आणि त्यांच्यासह 25 जणांवर कटाचा खटला भरला गेला. रूळ, सरकारी ठिकाणे उडवायची, पण माणूस मरता कामा नये, अशी जॉर्ज आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांची भूमिका सांगितली जाते. बेचाळीसच्या भूमिगतांचा, सातारच्या प्रतिसरकारचा वारसा त्यांच्यासमोर होता.

हा मार्ग मला सरसकट निषिद्ध वाटत नाही. दिल्लीत लष्कराची सत्ता नव्हती हे खरे. पण निवडणूक पुढे ढकललेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि एप्रिल 1976मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अटकेविरुद्ध दाद मागण्याचे दार बंद केले. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. सनदशीर वाट सरकारनेच बुजवल्यावर बंडाचा हक्क कोणत्या तोंडाने नाकारायचा?

तरीही एक प्रश्न सुटत नाही. 1974चा रेल्वे संप लढवणाऱ्या जॉर्जना रात्री रुळांवरून कोण चालतो हे पक्के ठाऊक होते. गँगमन चालतो. स्फोटात त्याला इजा होणार नाही याची हमी कोण देणार होते?

याचे उत्तर उघड न्यायालयात मिळायला हवे होते. मार्च 1977मध्ये जॉर्ज तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले, खटला मागे घेतला गेला आणि ते मंत्री झाले. सरकारी अत्याचारांची चौकशी शहा आयोगाने केली. डायनामाइटचा निवाडा मात्र कुणीच केला नाही. याच प्रकरणाच्या संशयावरून अभिनेत्री स्नेहलता रेड्डींना बंगळूरच्या तुरुंगात डांबले होते. त्यांचे नाव आरोपपत्रातही नव्हते. दम्याने खंगून जानेवारी 1977मध्ये त्या गेल्या. जॉर्जचे भाऊ लॉरेन्स यांना पोलिसांनी अमानुष मारले. खटला चालता, तर पोलिसांनी काय रचले आणि खरे काय ठरले होते, दोन्ही नोंदले गेले असते.

अशा नोंदीसाठी ब्राझीलकडे पाहावे. तिथल्या डिल्मा रुसेफ तरुणपणी लष्करी राजवटीविरुद्धच्या सशस्त्र डाव्या गटात होत्या, तुरुंगात त्यांचा छळ झाला. तिथे 1979च्या माफीने बंडखोरही सुटले आणि छळ करणारेही. पुढे अध्यक्ष झाल्यावर डिल्मांनी सत्यशोधन आयोग नेमला. 2014मध्ये त्याचा अहवाल आला. उशिरा का होईना, नोंद झाली.

आपल्याकडे 2002मध्ये आरोपपत्राशिवाय दीर्घ कोठडीची मुभा देणारा दहशतवादविरोधी पोटा कायदा संमत झाला, तेव्हा जॉर्ज संरक्षणमंत्री होते. बंडखोराची खरी परीक्षा सत्ता हाती आल्यावर होते, आणि त्या परीक्षेत ते नापास झाले, असे मला वाटते. त्यांच्या धैर्याबद्दल मनात अपार आदर ठेवूनच हे लिहितो आहे.